उरलेला भात

मधुमेह झाला नव्हता, पण उंबरठ्यावर उभा होता. तीन महिने पथ्य पाळूनही हौसाबाईची साखर तसूभरही उतरली नव्हती. “मावशी, ताटात काय घेता?” पिंपरी पेंढारच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं. “तुमी सांगितलं तेच. अर्धं ताट भाजी, एक भाकर. भात घेत न्हाई.” “आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर?” “पातेलं घासायच्या आधी उरलेला भात खाते. अन्न टाकवत न्हाई.” बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. त्या संध्याकाळी तिनं तांदूळ काढले आणि त्यातल्या दोन मुठी मुकाट्यानं परत डब्यात टाकल्या. जेवताना लेक म्हणाला, “आई, भात वाढ अजून.” तिच्या राज्यात आजवर कुणाला भात कमी पडला नव्हता. “संपला, भाकर घे,” म्हणताना तिची जीभ अडखळली. मग कुणी काही बोलायच्या आत तिनं रिकाम्या पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं.