शिडावरचा आकडा

"दोन. पाच. सहा. तीन. सात. चार."

रावजीने पाटीवर उतरवलेले आकडे मोठ्याने वाचले आणि कानावरची कर्णयंत्रं दोन्ही हातांनी दाबून धरली. होड्या-जाळी ठेवायच्या मांगरात जमलेली माणसं पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली. यंत्र गप्प झालं.

"आणि एक?" गोदाने विचारलं.

रावजीने पाटीवरचे आकडे पुन्हा मोजले.

एक नंबरच्या होडीवर गोदाचा नवरा भागोजी तांडेल होता. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरातून सात होड्या शर्यतीला सुटल्या होत्या. पूर्णगडला वळसा घालून दिवस बुडायच्या आत परत यायचं, असं ठरलं होतं. प्रत्येक शिडावर डांबराने पुरुषभर उंचीचा आकडा काढला होता. नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले, तरी समुद्राचा राग उतरला नव्हता. दुपारी दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं आणि बघता बघता बंदरासमोरचा किल्लासुद्धा दिसेना.

ते साल चौतीस. तारेवाचून बोलणारं यंत्र मिरकरवाड्याने त्याआधी पाहिलं नव्हतं. रावजी बोटीवर कामाला असताना ती विद्या शिकून आला होता. मुंबईच्या सोराबजीलाही तोच नाद. होड्यांची खबर बंदरावर कळावी म्हणून दोघांनी आपण होऊन एक यंत्र इथे मांगरात मांडलं होतं आणि दुसरं पूर्णगडच्या किल्ल्यात. सोराबजीचा चष्मा जाड, म्हणून तटावर उभं राहून आकडे ओरडायला त्याने तिथल्याच म्हाताऱ्या विठूला हाताशी धरलं होतं. सोराबजी मुंबईत वाढलेला पारशी. भात झाडाला लागतं की वेलीला, हे त्याला सांगता आलं नसतं. पण टकटक करून अक्षरं धाडणारं त्याचं बोट मात्र घड्याळासारखं चालायचं.

सकाळी त्या पेटीला सगळ्यांत जास्त गोदाच हसली होती. "रावजी भावजी, आमच्या घोवाला त्यातनं सांगा, नंबर नाय आला तरी चालंल, येताना सुरमई आन म्हनावं!"

आता तिला त्या पेटीकडे बघवत नव्हतं.

"परत इचारा ना, भावजी."

"इचारलं, वैनी. वारा फिरला तशा होड्या पूर्णगडच्या खाडीत शिरल्या. सोराबशेटने सहाच लिवल्यात. एक त्याच्या कागदावर नाय. इठू खाली खाडीवर गेलाय, त्याला हाक पोचत नाय. आनि शेटच्या यंत्राची बॅटरी उतरत आलीय."

भागोजीचा धाकटा भाऊ बाबू दाराशी उभा होता. त्याने कमरेचा पंचा आवळला.

"मी जातंय. दादा कुठं तरी उलट्या होडीला धरून असंल."

"या वाऱ्यात?" रावजी म्हणाला. "अरे, बंदराच्या तोंडाशीच आपटशील."

"मग काय हितं पेटीचं भजन ऐकत बसू?"

त्याच्यामागून सात जण निघाले. यमुनाबाईने, दोघांच्या आईने, बाबूला अडवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एकाला आणायला दुसऱ्याला पाठवायचं होतं. नको म्हणावं तर भागोजी पाण्यात होता. जा म्हणावं तर बाबू जाणार होता. तिने कोपऱ्यातलं तांदळाचं पोतं ओढलं. सकाळी ते शर्यतीनंतरच्या जेवणावळीसाठी आणलेलं होतं.

"दोन दिस लागले तर पोटाला काय खाशाल? गोदा, पिशवी धर गो."

गोदाने पिशवी धरली. बाहेर होडी वाळूवरून घसरत असल्याचा आवाज येत होता, आणि बाबूची आरोळी.

यमुनाबाईने माप भरलं. त्यावरून तळवा फिरवून तिने ते सपाट केलं.

"लाभ," ती पुटपुटली आणि पिशवीत ओतलं. पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नसे. एक म्हटलं की बरकत तिथेच थांबते, असं तिला तिच्या सासूने शिकवलं होतं आणि तिने गोदाला.

"दोन."

"तीन."

पिशवी गोदाच्या हातून सुटली. तांदूळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला.

"भावजी, आकडे वरडनारा इठू म्हंजे कोन? खोताच्या खळ्यावर भात मोजायचा, तो इठूकाका?"

"तोच. जन्म गेला त्याचा मापावर. का?"

"शेटला इचारा, इठूकाका आकड्यांबिगर काय वरडला. आकडा नको. तो शबूद काय त्येवढा सांग म्हनावं."

रावजीचा हात यंत्रावर पडला. टक, टकटक, टक. बाहेर लाटेने होडी उचलली. माणसं कंबरभर पाण्यात होती.

उत्तर आलं ते अगदी बारीक, भिंतीपलीकडे कोणी नख वाजवावं तसं. रावजीने एक इंग्रजी अक्षर लिहिलं. मग दुसरं. तिसऱ्याला त्याचा खडू मोडला. चौथं त्याने लिहिलंच नाही.

कर्णयंत्रं फेकून तो भर पावसात वाळूवर धावला.

"बाबू! माघारी फिर! इठू लाभ म्हनाला रे! एक नंबराला लाभ म्हनाला!"

पाण्यातल्या आठही जणांनी होडी माघारी वळवली.