शेवटचा नियम
शहाद्याच्या त्या कंपनीचं काम गावोगाव पाण्याची पाइपलाइन टाकायचं, पण पाइपांआधी कागद पोचायचे. 'काम पूर्ण' असा शिक्का मारलेले कोरे कागद ऑफिसातून गठ्ठ्यानं साइटवर जायचे. मोठ्या कंत्राटासाठी मालक हेमकांतशेठनं ऑफिस सांभाळणाऱ्या कामिनीला कागदपत्रांचे नियम ठरवायला लावले आणि सवयीनं न वाचताच त्यांवर सही ठोकली. मग तिनं शेवटचा नियम भर बैठकीत वाचला: "शिक्का ऑफिसात राहणार नाही." शेठ उसळला, "मंग कोठे ऱ्हाई?" "शेवटना गावमा, लाइनना शेवटना नळवाली अनुसयाबाईजोडे. नळले पानी उनं का तीच शिक्का मारी." "कंपनी मन्ही शे का तिन्ही?" "कंपनी तुम्हनीच, शेठ. पानी तिन्हं." "नोकरी जाई तुन्ही! काढ तो शिक्का!" कामिनीनं पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या पडल्या, रुमाल पडला, शिक्का काही पडला नाही. "सकायमाच तिन्हा हातमा दी उनू. आते तुम्ही फक्त पानी धाडा."