मधल्या खोलीचे वासे

चक्रीवादळात पूर्णगडच्या घराचं छप्पर उडालं. वखारीत लाकडाची ऑर्डर द्यायची म्हणून महेंद्र सुताराला वासे सांगत होता, पडवीचे, माजघराचे, स्वतःच्या दोन्ही खोल्यांचे. त्याची विधवा वहिनी सुगंधा चहा घेऊन आली आणि ऐकून थबकली.

"भावजी, मधल्या माझ्या खोलीचे राहिले."

"राहिले नाहीत. दादा गेला, आता तुम्ही माहेरीच जाणार ना? मग लाकूड फुकट कशाला घालवायचं?"

महेंद्रपुढे धरलेला कप सुगंधाने मागे घेतला आणि ती सुताराकडे वळली.

"काका, अख्ख्या छपराचा भार पेलणारं आढं माझ्याच खोलीच्या भिंतींवर टेकतं ना? मग त्या भिंतींना कुणी शिवायचं नाही. आढं हवेत कसं राहतं, ते बघतेच मी!"