नऊ नंबर

दिवाळं निघालेल्या सुताराच्या घरी कोर्टाचा कारकून आला आणि लिलावात जाणाऱ्या एकेका वस्तूवर नंबराची चिठ्ठी डकवत सुटला. पोटापाण्याची म्हणून हत्यारं तेवढी त्याने सोडली. दारामागच्या लहान सायकलीपाशी मात्र तो थबकला.

"ही मुलीची ना? तिची असेल तर नाही लावत नंबर."

"तिचीच. आईकडे असते ती. सुट्टी लागली की येते, तेव्हा चालवते." आयुष्यभर ओळंबा लावल्यासारखं सरळ जगलेल्या सुताराने फाइल उघडून पावती पुढे केली. "पण बिल माझ्या नावावर आहे, साहेब."

कारकुनाने कपाळावर हात मारला. "अहो, मागितलं होतं का मी ते?" पण आता कागद डोळ्यांनी पाहिला होता. सायकलीला नऊ नंबर लागला.

"लिलावाचे पैसे जाणार कुणाला?" सुताराने विचारलं.

"बाकीची देणी कोर्ट माफ करेल, पण मुलीची पोटगी सुटत नाही. थकलीय ना तुमची? सगळ्यात आधी तीच."

सुताराला तेवढंच जरा बरं वाटलं.

महिन्याभराने आईने मुलीला जवळ बोलावलं. "बाबांकडचे राहिलेले पैसे आले गं. किती दिवसांत काही घेतलं नाही तुला. सायकल घ्यायची?"

"कशाला उगाच? बाबांकडे आहे की माझी," मुलगी म्हणाली. "या सुट्टीत गेले की घेऊनच येते."