गणित मोठं की माती

"पुन्हा तेच?" मास्तरांनी काठी जमिनीवर आपटली. "गणिताहून मोठं शास्त्र आहे म्हणणारा माणूस माझ्याच अंगणात उभा राहतो, आणि तोही माझा थोरला मुलगा! काय दिवस आले!"

अख्खं अंगण खो खो हसलं. मास्तरांची ती काठी आणि तो ताठा बघायला तर माणसं जमली होती. दोलोनं, म्हणजे ज्वारीच्या दारूनं, भरलेले भोपळे या हातातून त्या हातात फिरत होते.

लामुसाला मात्र हसू येत नव्हतं. गावच्या शाळेत पाढे घोकून घेता घेता त्याची तिशी उलटली होती. राजधानीत, वागादुगूच्या विद्यापीठात, मातीचं शास्त्र शिकायला त्याला जागा मिळाली होती, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी बापानं वादात त्याला असा काही चीत केला की महिनाभर पोरं त्याला 'मातीमास्तर' म्हणून चिडवायची. बापाच्या तोंडून 'जा' निघाल्याशिवाय थोरल्या मुलानं घर सोडायचं नाही. सोडलं तर वाट फळत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आज विचारलं नाही, तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

"बोल की," मास्तर म्हणाले. "का माती तोंडात गेली?"

पुन्हा हशा. एवढ्या उन्हात मास्तरांनी आपला जाडा कोट घातला होता आणि टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. खरंच आहे म्हणा, त्या कोटाशिवाय मास्तर मास्तर वाटलेच नसते.

"बाबा, मोजायला शिकवलंत तुम्ही, कबूल," लामुसा म्हणाला. "पण मोजून काय झालं? शेताचा हात न हात तुम्ही मोजलात. किती बियाणं, किती पोती, सगळं मांडलंत. आकडे बरोबर आले. बाजरी आली नाही."

"पाऊस आला नाही, म्हणून!"

"पाऊस आला होता. टकल्या जमिनीवरून वाहून गेला. का गेला, ते मातीला ठाऊक. तिला विचारायला शिकायचंय मला."

"वा रे वा! विहीर किती खोल खणायची, तेही मातीलाच विचार. औषध किती थेंब द्यायचं, तेही तिलाच. अरे, सगळी शास्त्रं गणिताच्या चुलीवर शिजतात!"

"माझं विचाराल तर," मास्तरांचे भाऊ नोआगाकाका मध्येच म्हणाले, "दोलो गाळायचं शास्त्र सगळ्यांत मोठं. ते बुडालं की तुम्ही दोघं वाद कशाच्या जोरावर घालणार?"

वादाचा निवाडा काकांकडेच होता, त्यामुळे त्यांच्या विनोदाला जरा जास्तच हसणं भाग होतं. लामुसाला तो हसण्याचा आवाजच नको झाला. चारी बाजूंनी मातीच्या भिंती, भिंतींना टेकलेली माणसं, आणि दाराकडे जाणारी वाट बरोबर त्या काठीच्या मागून. जीव नुसता गुदमरत होता.

"बरं," मास्तर खाकरून म्हणाले. "तू चाललास. तीन वर्षं. मग घराचं गणित कोण मांडणार? दोन पोरं. विहिरीवरचं पाणी. तुझी बायको, तिपोको. तिचं काय?"

"ती सांभाळेल."

"विचारलंस तिला?"

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. लामुसा काठीच्या टोकाकडे बघत राहिला. वर बघायची त्याची हिंमत होईना.

"नाही विचारलं."

"का?"

"भीती वाटते, बाबा. ती 'नको' म्हणाली, तर मी जाणार नाही. आणि गेलो नाही, तर आयुष्यभर मनातल्या मनात तिला बोल लावत बसेन. एका ताटात जेवायचं आणि आतून चरफडायचं. तिच्यासारख्या बाईच्या वाट्याला असला नवरा येऊ नये."

एक भोपळा कुणाच्या तरी हातात अर्ध्यावरच थांबला.

मास्तरांनी या वेळी काठी आपटली नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं. शाळा तपासायला आलेल्या साहेबाला एका वाक्यात गप्प करणारा माणूस तो! काठीवरची बोटं घट्ट झाली, सैल झाली, पुन्हा घट्ट झाली.

"ती 'जा' म्हणाली तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर परत येईन. तिच्यासाठी येईन."

"हे गणितात मांडता येत नाही, लामुसा."

"माहीत आहे, बाबा."

मास्तरांनी मान खाली घातली. बोलले तेव्हा आवाज इतका घोगरा होता की मागच्यांना कान टवकारावे लागले. "मग उत्तर चुकलं. तुझं नाही, माझं. कोंडून ठेवलेला माणूस घरात आहे, असं धरून चालायचं नसतं. माती मोठी. जा तू."

लामुसा गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. कुणीही त्याला उठवलं नाही.

नोआगाकाका पुढे झाले. "ऐकलंत सगळ्यांनी? मास्तरांचा शब्द आहे. तो फिरवायचा हक्क आता कुणालाही नाही." त्यांनी हळूच काठी सोडवून घेतली आणि वाकून टोपी काढली. खालच्या वेण्या खांद्यावर पडल्या. "ऊठ, सूनबाई. सासऱ्यांना माती देऊन आज तिसरा दिवस. त्यांचे कपडे घालून त्यांच्या जागी बसून त्यांच्या तोंडानं बोलायची सुनेची रीत तू निभावलीस. आता तू पुन्हा आमची तिपोको."

तिपोकोला उठवेना.