एकही खूण सुटली नाही

परवेझ सर तासभर साळूबाईंच्या गुरांच्या घासाच्या वाफ्याशेजारी दबा धरून बसले होते. मोबाईलवर वटवट्या पक्ष्याचा आवाज लावला की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो अनोळखी, इवलासा पक्षी चवताळून काटकीवर येई आणि सर फोटो काढत. तो नेमका कुठल्या जातीचा वटवट्या, याची अखेर ओळख पटली.

"भुवई बघा मावशी, पांढरी. पाय गुलाबी. एकही खूण सुटली नाही," सर हरखून म्हणाले.

साळूबाईंनी कॅमेऱ्यातले फोटो निरखून पाहिले.

"व्हय. पन सर, पहिल्यापास्नं समद्या फोटोत त्याच्या चोचीत तीच अळी हाय की."

सरांना वर बघवेना. वाजतच असलेला मोबाईल त्यांनी बंद केला, तेव्हा कुठं घासातली पिल्लांची चिवचिव ऐकू आली.