अध्यक्षांचं अभिनंदन

"अहो, बाकी सगळे माना खाली घालून बसले होते, मग तुम्हालाच हात वर करायची काय खाज होती?" आई पप्पांवर तुटून पडली.

"कोणीतरी पुढं व्हायला नको?" पप्पा कोरडाच ब्रश पुसत म्हणाले. "पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे मी आता. यापुढं कोणीही फ्लेक्स छापून घ्यायचा नाही, पाटी हातानंच रंगवायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माहितीये?"

माझं डोकं सणकलं. शाळा सोडून मी फ्लेक्सच्याच दुकानात लागलोय. घर त्यावरच चालतं, म्हणून पप्पा माझ्या नोकरीचा विषय काढत नाहीत.



आज त्यांच्याच अभिनंदनाचा भलामोठा फ्लेक्स छापायचाय, ऑर्डर त्यांच्या संघटनेनंच दिलीय, अर्जंट आहे, निघतो मी.